हात स्थिर, पक्षी पुसट

लेन्समध्ये स्टॅबिलायझर असला की फोटो शार्प येतोच, असं सांगून लेन्स विकणाऱ्याला मी लबाड म्हणते. त्याला अज्ञानी समजून सोडून देत नाही, कारण आपण काय विकतो हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर निस्तरतो. त्याचं काम तेवढंच, आणि ते तो चोख करतो. पक्षी हलला, माणूस चालला, फोकस चुकला किंवा हवाच गढूळ असली, तर त्या यंत्राचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. पण दिल्लीत, नोएडात, गुरुग्रामात दर हिवाळ्यात नवे लोक लाखाच्या वरची लेन्स हप्त्यांवर घेतात, पहाटे यमुनेवर नाहीतर ओखल्याच्या पक्षी अभयारण्यात जातात आणि कार्डभर पुसट फोटो घेऊन घरी येतात. मग त्यांना आणखी जास्त स्टॉपची, म्हणजे हाताची थरथर आणखी जास्त सावरणारी, आणखी महागडी वस्तू दाखवली जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंबाचं बिल मात्र दर वेळी गिऱ्हाइकाच्या नावावर. मला हे सहन होत नाही, म्हणून लिहिते आहे.

एक फोटो समोर ठेवूनच बोलते. काढणारा मुलगा मराठी, नोएडात नोकरीला. जागा काश्मिरी गेटजवळचा यमुना घाट. हिवाळ्यात तिथे कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, नाववाले शेव उधळतात आणि पक्षी नावेच्या कडेला पंख फडफडवत जवळजवळ एका जागी तरंगतात. दिल्लीतल्या प्रत्येक नव्या फोटोग्राफरचा हातखंडा विषय. ४०० मिलिमीटरची लेन्स, शटर १/१६०, आयएसओ ४००, स्टॅबिलायझर चालू. मुलगा मला विचारत होता, "ताई, लेन्सचा स्टॅबिलायझर बिघडलाय का हो? दुकानदार म्हणतो, बॉडी पण बदला, मग आठ स्टॉप मिळतील."

मी फोटो पूर्ण मोठा करून पाहिला. नावेच्या कडेला गुंडाळलेल्या दोरीचा पीळ न् पीळ दिसत होता. लाकडावर सोललेल्या निळ्या रंगाचे पापुद्रे मोजता आले असते. त्याच अंतरावर, दोरीपासून हातभर लांब असलेल्या पक्ष्याचे पंख मात्र पांढऱ्या धुराचे फराटे झाले होते, आणि डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका लांबट होऊन रेघ बनला होता. या एका फोटोत सगळा निकाल लागलेला आहे. हात हलला असता तर दोरीही पुसट आली असती. स्टॅबिलायझर बिघडला असता तरी दोरी पुसट आली असती. दोरी शार्प आहे, म्हणजे यंत्राने आपलं काम केलं. हलला तो पक्षी, आणि पक्ष्याला स्थिर करणारी लेन्स जगात कुणीही बनवलेली नाही. दुकानदाराने हा फोटो पाहिला होता. तो पाहूनही त्याने बॉडी बदलायला सांगितलं. याला सल्ला म्हणत नाहीत.

आता यंत्राकडे वळते. लेन्सच्या आत चिमुकले जायरो असतात. लेन्स वर-खाली किंवा डावी-उजवीकडे किती वेगाने वळते आहे, ते हे जायरो मोजतात. त्या हिशेबाने भिंगांचा एक गट विद्युतचुंबकाच्या जोरावर उलट दिशेला सरकवला जातो आणि सेन्सरवरची प्रतिमा जागच्या जागी राहते. बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर भिंगांऐवजी सेन्सर सरकतो. निकॉनने १९९४ साली झूम ७०० व्हीआर या छोट्या फिल्म कॅमेऱ्यात ही सोय दिली. कॅननने १९९५ साली ७५-३०० मिलिमीटरची आयएस लेन्स आणली. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर आला तो हा पहिलाच. तिचा फायदा साधारण दोन स्टॉपचा होता. निरोगी माणसाचाही हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा थरथरतो, श्वासाबरोबर शरीर डुलतं. ही हालचाल ओळखून तिला काटशह देणं ही अभियांत्रिकीची मोठी करामत आहे. माझं भांडण त्या इंजिनिअरांशी नाही. त्यांच्या मेहनतीवर भलताच दावा चिकटवणाऱ्यांशी आहे.

या सगळ्यात पक्ष्याची हालचाल मोजणारं काही आहे का? नाही. जायरो लेन्सला जोडलेला आहे, पक्ष्याला नाही. समोर कुरव आहे, सायकलरिक्षा आहे की कुतुबमिनार, हे त्याला कळत नाही.

आता हिशेब करू, कारण या व्यवहारात हिशेबाला फाटा देऊनच सगळं चालतं. ४५ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ४.४ मायक्रॉनचा असतो. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने २० मीटरवरचा पक्षी टिपला, तर एक पिक्सेल म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचा जेमतेम पाव मिलिमीटर. पंखाचं टोक सेकंदाला पाच मीटर हलतं असं धरा. १/१६० सेकंदात ते ३१ मिलिमीटर सरकलं, म्हणजे १४० पिक्सेलचा फराटा. शटर १/१२५० केलं की तेच टोक चार मिलिमीटर सरकतं, आणि फराटा १८ पिक्सेलवर येतो. १/२००० ला अडीच मिलिमीटर, ११ पिक्सेल. या आकड्यांत स्टॅबिलायझर कुठेच नाही. दोन स्टॉपचा लावा, आठ स्टॉपचा लावा, १४० चे १३९ होणार नाहीत.

१/१६० वरून १/१२५० वर जायला किती स्टॉप लागतात? तीन. आयएसओ ४०० वरून ३२०० वर नेला की ते तीन स्टॉप हातात. ते त्या मुलाच्या कॅमेऱ्यात पहिल्या दिवसापासून होते आणि त्यांचे वेगळे पैसे पडत नव्हते. पण कुणी तरी त्याच्या मनात आयएसओची दहशत बसवली होती. आयएसओ वाढवला की दाणे येतात, फोटो खराब होतो. शटर खाली आणा, स्टॅबिलायझर सांभाळून घेईल. वीकेंडला सुलतानपूरच्या पक्षी उद्यानात नाहीतर ओखल्याला पैसे घेऊन माणसं नेणारे आणि स्वतःला गुरू म्हणवणारे कित्येक जण आजही हेच शिकवतात. दाणे नंतर काढता येतात, त्यासाठी चांगली सॉफ्टवेअर आहेत. पुसलेला डोळा कुठल्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. आलाच तर तो यंत्राने रंगवलेला डोळा असतो. दाण्यांना घाबरून पक्षी घालवायला शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकावं.

आता त्या आठ स्टॉपकडे येते. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं, म्हणून आठ स्टॉप म्हणजे २५६ पट. कॅननने २०२० साली ईओएस आर५ कॅमेरा आणला तेव्हा हा आठचा आकडा जाहिरातीत ठळक झाला. आकडा खोटा नाही, पण तो ठराविक लेन्स लावल्यावरचा आहे. पक्ष्यांसाठी लोक जी १००-५०० मिलिमीटरची लेन्स घेतात, तिच्यासाठी त्याच कंपनीचा आकडा आहे लेन्सचे पाच, बॉडीची साथ धरून सहा. कारण साधं आहे. हात अर्धा अंश हलला, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समागे प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी सरकते. ४०० मिलिमीटरमागे साडेतीन मिलिमीटर सरकते. सेन्सर सरकून सरकून किती सरकणार? म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला सर्वांत लांब लेन्स हवी, त्यालाच आठचा आकडा लागू पडत नाही, आणि नेमका त्यालाच तो ऐकवला जातो.

जवळून फोटो काढणाऱ्यांची गोष्ट आणखी वाईट. असोला भाटी अभयारण्यात किंवा गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात फुलपाखरांमागे फिरणारी पुष्कळ मंडळी मला माहीत आहेत. कॅननची २००९ सालची १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या. नेहमीच्या अंतरावर चार स्टॉप, पण वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी उमटेल इतकं जवळ गेलं की दोन. हे कंपनीने स्वतःच सांगितलेलं आहे. जवळ गेल्यावर हात नुसता वळत नाही, तो आख्खाच सरकतो, आणि हे सरकणं पकडणं कितीतरी अवघड असतं. शिवाय फूल वाऱ्याने डुलतं ते वेगळंच. विकताना यातला कुठला आकडा सांगतात? चारचा.

हे स्टॉप मोजतात कसे, तेही ऐका. जपानी कॅमेरा उत्पादकांची सीपा नावाची संघटना आहे. तिच्या प्रमाणपद्धतीत कॅमेरा थरथरणाऱ्या यंत्रावर बसवतात आणि समोरच्या स्थिर तक्त्याचे फोटो काढतात. स्थिर तक्ता! तो पंख हलवत नाही, चालत नाही, वळून बघत नाही. कंपन्यांची तुलना करायला ही पद्धत उत्तम आहे, आणि तिचा हेतूही तोच आहे. पण प्रयोगशाळेतल्या त्या तक्त्याचा आकडा घाटावरच्या कुरवाला लावणं ही शुद्ध फसवणूक आहे. त्यात ज्या पायावरून हे स्टॉप मोजायचे, तो पायाही सैल आहे. ४०० मिलिमीटरला १/४०० शटर पुरतं, हा नियम फिल्मच्या दिवसांतला, छोट्या छापील फोटोंसाठीचा. ४५ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण मोठा करून बघणाऱ्याला तो पुरत नाही, १/८०० धरा. म्हणजे मोजणी सुरू होण्याआधीच एक स्टॉप गेला.

आणि मग आमची दिल्लीची हवा. शार्पनेस म्हणजे नुसत्या बारीक रेघा नव्हेत. काळं काळं आणि पांढरं पांढरं दिसणं हाही त्याचाच भाग. नोव्हेंबर ते जानेवारी इथे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो, वरची हवा जास्त उबदार असते, आणि धूर, धूळ, वाहनांची घाण सगळं खालीच कोंडून राहतं. त्या थरातून ८० मीटरवरचा चित्रबलाक टिपायला जाल, तर त्याच्या पंखांवरची काळी-पांढरी नक्षी करड्या रंगात बुडते. ऊन चढलं की सुलतानपूरच्या तळ्याकाठची जमीन तापते, गरम हवेचे भोवरे उठतात आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असावा तसा हलतो. एकाच जागेवरून एकाच शटरने सलग दहा फोटो काढा; दहाही वेगवेगळे पुसट येतील. ही पुसट प्रतिमा लेन्सपर्यंत पोचायच्या आधीच पुसट झालेली असते. चष्म्याने मोतीबिंदू जात नाही, तसं स्टॅबिलायझरने धुकं जात नाही. इलाज एकच, अंतर कमी करा. जमलं नाही तर त्या दिवशी लांबचा फोटो सोडा. हे सांगून कुणाची लेन्स खपत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

विकताना आणखीही बरंच सांगत नाहीत. शटर अर्धं दाबल्यावर स्टॅबिलायझरला स्थिरावायला साधारण एक सेकंद लागतो. घाईने पूर्ण दाबलंत तर सुरुवातीचे फोटो हलू शकतात. जुन्या लेन्स ट्रायपॉडवर ठेवून स्टॅबिलायझर चालू ठेवला, तर जायरो नसलेली थरथर शोधत बसतो आणि स्थिर फोटो हलवून ठेवतो; तिथे तो बंदच करायचा. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, पण सगळ्या नाहीत. धावत्या सायकलरिक्षाबरोबर कॅमेरा फिरवायचा असेल तर पॅनिंगसाठी असलेला वेगळा मोड लावायचा, नाहीतर तुमच्याच फिरवण्याला यंत्र विरोध करतं. आणि हे सरकतं, नाजूक यंत्र आहे. शक्तिशाली मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ साली स्वतःच दिला. इकडे एनसीआरमध्ये हँडलला फोन अडकवून दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना हे सांगायची तसदी फोन विकणाऱ्यांपैकी कुणी घेतली? लेन्स बाइकच्या डिकीत टाकून धनौरीच्या पाणथळीपर्यंत खड्डे खात जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

म्हणजे स्टॅबिलायझर घेऊच नये? असं मी म्हणत नाही, आणि माझ्या तोंडी कुणी तसं घालू नये. २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीटचा सोहळा संपतो आणि राष्ट्रपती भवन, नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक दिव्यांनी उजळतात. इमारत हलत नाही, गर्दीत ट्रायपॉड उभा करता येत नाही, हातातून १/८ ने फोटो काढायचा आहे. तिथे स्टॅबिलायझरला पर्याय नाही. हुमायूनच्या मकबऱ्यात जाळीतून झिरपणारा उजेड टिपायचा आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते. तिथेही तोच तारतो. लांब लेन्समधून बघताना चौकट स्थिर दिसते, फोकसचा ठिपका डोळ्यावर टिकतो, खांद्यांना आराम मिळतो; पक्ष्यांच्या फोटोतही हा फायदा खरा आहे. स्थिर वस्तू, कमी उजेड, हातात कॅमेरा, या तीन गोष्टी जुळल्या की स्टॅबिलायझर पै न् पै वसूल करून देतो. तिसरी असून पहिली नसेल, तर शटरचा वेग वाढवा. मला एवढंच हवं आहे की ही अट विकणाऱ्याने विकताना सांगावी आणि शिकवणाऱ्याने पहिल्या तासाला शिकवावी.

स्टॅबिलायझरशिवाय हल्ली शार्प फोटो येत नाही, असं मला तोंडावर सांगणारे भेटतात. त्यांनी याच शहरात काढलेले होमाई व्यारावाला यांचे फोटो नीट बघावेत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या बाई १९४२ मध्ये दिल्लीत आल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी इथे काम केलं. स्पीड ग्राफिकसारखा जड प्रेस कॅमेरा आणि रोलायफ्लेक्स, वर साडी, भोवती धक्काबुक्की करणारी पुरुषांची गर्दी. नेहरू कबुतर सोडतात तो त्यांचा फोटो देशाने पाहिला आहे. त्यांच्या कॅमेऱ्यात जायरो नव्हता. किती उजेडाला किती शटर, माणूस हालचालीच्या कुठल्या टोकाला क्षणभर थांबतो, फ्लॅश केव्हा, हे त्यांना पाठ होतं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ती विद्या आज हरवली असेल, तर ती यंत्राने खाल्लेली नाही. यंत्र आहे तेव्हा शिकायची गरज नाही, असं सांगणाऱ्यांनी ती घालवली आहे.

म्हणून गिऱ्हाइकांना माझं सांगणं आहे. फोटो पुसट आला की आधी मोठा करून निदान करा. चौकटीतल्या प्रत्येक गोष्टीवर एकाच दिशेचा फराटा असेल, तर हात हलला; तिथे स्टॅबिलायझर कामाचा. फक्त माणूस किंवा पक्षी फराटलेला आणि मागचं-पुढचं रेखीव, तर शटर कमी पडलं. पक्षी मऊ आणि त्याच्या पुढचं गवत टोकदार, तर फोकस चुकला. सगळंच करडं आणि मऊ, तर हवा. चार रोगांची चार कारणं आहेत आणि त्यातल्या एकावरच तुम्ही पैसे मोजणार आहात. लेन्स घेण्याआधी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा आणि दुकानातच स्टॅबिलायझर चालू-बंद करून १/४००, १/१०० आणि १/२५ ला फोटो काढा. मग दुकानातल्या चालत्या माणसाचे तसेच काढा. दुसऱ्या खेपेला फरक दिसला नाही की विक्रेत्याकडे बघा आणि त्याला कारण विचारा.

कंपन्यांकडे माझी मागणी एका ओळीची आहे. खोक्यावर जिथे स्टॉपचा आकडा छापता, तिथेच त्याच आकाराच्या अक्षरांत छापा: हा आकडा स्थिर वस्तूसाठी आहे, आणि या लेन्सच्या सर्वांत लांब टोकाला तो इतका आहे. छपाईला दमडीही जास्त लागणार नाही. ती ओळ छापली जात नाही, तोवर कुणीही काउंटरवर स्टॅबिलायझरच्या नावाने शार्पनेस विकायला लागला की मी भर दुकानात त्याला अडवणार. तुम्हीही अडवा. पैसे तुमचे जात आहेत.